दुसऱ्या क्रमांकाचं दार : रणजी करंडकाचे विभाग आणि मानांकनाचा न्याय

आवडीहून बोलतोय. नवीन श्रोत्यांसाठी सांगतो, आवडी हे चेन्नईच्या पश्चिमेचं रणगाड्यांचं गाव. मराठी माणूस नाव ऐकून हसतो, पण इतिहासात या गावाची नोंद आहे ती १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव इथेच झाला. त्याच हंगामात, १९५४-५५ मध्ये, मद्रासने इंदूरला जाऊन होळकर संघाला हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण समान संधी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न दोन्हीकडे आहे, आणि आज मला तोच बोलायचा आहे. लढाया आज बाजूला ठेवू.

विषय कोरडा वाटेल. स्पर्धेत संघांची विभागणी कशी करायची, कोणाला कोणाच्या समोर ठेवायचं, बाद फेरीत किती जणांना घ्यायचं. पंचाचा चुकलेला निर्णय सगळे बघतात, त्यावर आठवडाभर भांडतात. ड्रॉ मात्र कचेरीत बसून कागदावर काढला जातो आणि तिकडे कोणी बघत नाही. माझं म्हणणं असं की पंचाच्या चुकीपेक्षा जास्त अन्याय या कागदाने केला आहे. आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच घरात आहे.

आधी थोडं गणित. लुइस कॅरल हे नाव तुम्ही 'अ‍ॅलिस'च्या गोष्टीमुळे ओळखता. खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवायचे. १८८३ मध्ये त्यांनी लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक छोटी पुस्तिका काढली. तक्रार साधी होती. ३२ खेळाडू आहेत, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, आणि दर वेळी चांगला खेळाडूच जिंकतो असं धरलं. पहिलं बक्षीस बरोबर माणसाला जाणार, यात शंका नाही. पण दुसरं? दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू जर पहिल्याच्याच अर्ध्या भागात आला, तर तो अंतिम सामन्याआधीच घरी जातो. उरलेल्या ३१ जागांपैकी पलीकडच्या अर्ध्या भागात १६ जागा. म्हणजे दुसरं बक्षीस खऱ्या दुसऱ्याला मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. कॅरलने सुचवलेली पद्धत फार गुंतागुंतीची होती, ती कोणी घेतली नाही. पण पुढे टेनिसने मानांकन आणलं, चांगल्या खेळाडूंना आधीच वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं, आणि तो रोग बराचसा बरा केला.

आता चेपॉकला या. ४ नोव्हेंबर १९३४. रणजी करंडकाचा पहिला सामना मद्रास विरुद्ध म्हैसूर, आणि तो एका दिवसात संपला. म्हैसूर ४८ आणि ५९, मद्रास १३०. ए. जी. राम सिंग यांनी ११ बळी घेतले. हा दक्षिण विभागाचा सामना होता. स्पर्धा चार विभागांत वाटली होती: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. विभागात बाद पद्धतीने खेळायचं, प्रत्येक विभागाचा एक विजेता निघणार, आणि ते चौघं उपांत्य फेरी खेळणार.

ही रचना ज्यांनी केली त्यांना मी दोष देणार नाही. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्यामागचा विचार लगेच कळतो. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला रेल्वेचे दोन-दोन दिवस, खेळाडू नोकरदार, मंडळाकडे पैसा बेताचा. शेजारच्यांनी शेजारच्यांशी खेळावं हेच परवडणारं होतं. शिवाय देशाच्या प्रत्येक कोपऱ्याचा एक संघ शेवटच्या चारांत दिसावा, हेही काही वाईट नाही. प्रश्न एवढाच की खेळाची ताकद नकाशावर सारखी वाटलेली नसते.

पश्चिम विभागात कोण होतं बघा. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, नवानगर, पश्चिम भारत म्हणजे काठेवाडकडची संस्थानं, गुजरात. पहिल्या दहा हंगामांत, १९३४-३५ ते १९४३-४४, करंडक आठ वेळा याच विभागात गेला, आणि तो पाच वेगवेगळ्या संघांनी जिंकला: मुंबई, नवानगर, महाराष्ट्र, बडोदा, पश्चिम भारत. देशाचा विजेता ठरण्याच्या लायकीचे पाच संघ एकाच खोलीत, आणि खोलीला दार एक. दर वर्षी पाचांतल्या चौघांना उपांत्य फेरीही दिसायची नाही.

प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. संस्कृतचे प्राध्यापक, वय पन्नाशीला टेकलेलं. या दोन विजेतेपदांची थोरवी मी अंतिम सामन्यांत शोधत नाही. ते या विभागातून दोनदा बाहेर पडले, ती खरी मोठी गोष्ट.

आकडा पुढे नेऊ. १९३४-३५ पासून १९६९-७० पर्यंत ३६ हंगाम झाले. त्यांतले २९ विजेते पश्चिम विभागाचे. उरलेल्या सातांपैकी चार वेळा होळकर, आणि हैदराबाद, बंगाल, मद्रास प्रत्येकी एकदा. कोणी म्हणेल, मग पश्चिमेवर अन्याय कसला? करंडक तर त्यांच्याकडेच आला. इथेच कॅरल आठवायचा. पहिलं बक्षीस योग्य हातात गेलंच. प्रश्न दुसऱ्याचा आहे. या ३६ वर्षांत पश्चिमेचे दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते फक्त एकदा, १९४८-४९ मध्ये. मुंबईने बडोद्याला हरवलं. आणि ते का शक्य झालं? कारण त्या एका वर्षी विभागांची पद्धत बाजूला ठेवली होती!

ते १९४८-४९ चं वर्ष जरा सावकाश बघण्यासारखं आहे. मोकळा ड्रॉ. त्यात पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध मुंबई उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे झालेल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. म्हणजे शेवटच्या चारांत मुंबई, महाराष्ट्र आणि बडोदा हे तिघंही होते. विभाग असते तर तिघांपैकी फार तर एक.

पण त्याच वर्षी, त्याच पुण्यात, नाण्याची दुसरी बाजूही दिसली. महाराष्ट्राचा सामना काठेवाडशी होता. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, संघाच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा, नऊ धावांचं अंतर. खेळ थांबला असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि संघ परत गेला. राजकोटचे ठाकूरसाहेब होते ते. आपण मराठी माणसं ही गोष्ट दरबारी हट्टाची म्हणून सांगतो, आणि हट्ट होताच. पण माझ्या मते त्यात ड्रॉचाही वाटा आहे. इतक्या विषम ताकदीचे संघ समोरासमोर उभे केले, की खेळात खेळ उरत नाही. हरणाऱ्याला मैदानात थांबण्याचं कारण उरत नाही आणि जिंकणाऱ्याला त्याच्या पराक्रमाची पूर्ण किंमत मिळत नाही. निंबाळकरांना पुढे कसोटी खेळायला मिळाली नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

पुढच्या वर्षी विभाग परत आले. १९५२-५३ मध्ये मध्य विभाग वाढला. १९५७-५८ पासून विभागात बाद पद्धतीऐवजी साखळी आली, ही मोठी सुधारणा. एका वाईट दिवसात वर्ष वाया जाणं थांबलं. पण दार एकच राहिलं.

इथे माझ्या गणवेशाची थोडी बढाई मारू द्या. १९५६-५७ आणि १९५७-५८ असं लागोपाठ दोन वर्षं सेनादलाचा संघ अंतिम सामन्यात होता. एकदा मुंबईकडून हरला, एकदा बडोद्याकडून, दोन्ही पश्चिमेचेच. त्या काळात सेनादलाचा आधार होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी, जन्म पुण्याचा, आधी बडोद्याकडून खेळलेले, पुढे १९५८-५९ ला वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीच्या कसोटीत भारताचे कर्णधार. सेनादल उत्तर विभागात खेळायचं. पण प्रामाणिक प्रश्न विचारला पाहिजे: सेनादल हा कुठल्या प्रदेशाचा संघ? मद्रासचा जवान, पुण्याचा अधिकारी, पंजाबचा सुभेदार, सगळे एकाच टोपीखाली. रेल्वेचंही तसंच, नोकरी देऊन देशभरातून खेळाडू घेता येतात. संस्थानिकांनीही तेच केलं होतं. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून बडोद्याला गेले. नवानगरने १९३६-३७ मध्ये करंडक जिंकला तेव्हा कर्णधार वेन्सली नावाचा इंग्लिश व्यावसायिक होता. ज्याला कुंपण नाही तो आणि ज्याला जिल्ह्याचं कुंपण आहे तो, दोघांना एकाच तराजूत घालायचं का?

हा प्रश्न अमेरिकेतल्या शाळांच्या फुटबॉलमध्ये फार पेटतो. तिथे शाळांचे वर्ग पटसंख्येवर पाडतात. मोठ्या शाळा मोठ्यांशी, लहान लहानांशी. मग खासगी शाळा, ज्यांना वस्तीचं बंधन नाही, त्या पटसंख्या कमी असल्याने खालच्या वर्गात बसतात आणि करंडक नेतात. इलिनॉय राज्याने उपाय काढला, अशा शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणायची आणि मग वर्ग ठरवायचा. अपूर्णांकाने न्याय! हसू येतं, पण निदान कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलं. आपल्या फौजेत हे केव्हाच आहे. फॉर्मेशनच्या स्पर्धांत मेजर युनिट आणि मायनर युनिट वेगळी. आठशे माणसांच्या पलटणीतून निवडलेला हॉकी संघ आणि छोट्या वर्कशॉप कंपनीतून कसाबसा जमवलेला संघ समोरासमोर उभे करत नाहीत. मायनर युनिटचा करंडक जिंकलेल्या जवानाच्या छातीवर तेवढाच अभिमान असतो, मी पाहिलाय.

उलट आपल्याकडे क्रिकेटमध्ये घटक कसे पडले बघा. एकट्या महाराष्ट्र राज्याचे तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. गुजरातचेही तीन: गुजरात, सौराष्ट्र, बडोदा. वीस कोटींहून जास्त वस्तीच्या उत्तर प्रदेशाचा एक. हा इतिहासाचा प्रसाद आहे, जुनी संस्थानं आणि जुने प्रांत. तेव्हा मराठी माणसाने अन्यायाचं रडगाणं गाताना हाही हिशेब समोर ठेवावा.

तरी महाराष्ट्र संघाची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५८-५९ पासून मुंबईने लागोपाठ १५ वर्षं करंडक जिंकला. महाराष्ट्र त्याच विभागात. पहिली बारा वर्षं पश्चिमेतून एकच संघ पुढे जायचा, आणि तो दर वर्षी मुंबई. पुण्याच्या खेळाडूने कितीही चांगलं खेळावं, हंगाम मुंबईपाशी संपायचा. राजस्थान मात्र १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठदा अंतिम सामन्यात पोचला आणि आठही वेळा हरला, सात वेळा मुंबईकडून. राजस्थान मध्य विभागात होता. त्या संघात सलीम दुराणी, हनुमंत सिंग असे खेळाडू होते, त्याला मी कमी लेखत नाही. पण देशातला दुसरा संघ कोण, याचं उत्तर त्या बारा वर्षांच्या नोंदींतून निघूच शकत नाही. रचनाच तशी होती.

मग १९७०-७१ ला नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ. आणि त्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोणाचा झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! मुंबईचे मोठे खेळाडू, वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, वेस्ट इंडीजच्या त्या प्रसिद्ध दौऱ्यावर होते. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली राखीव फळी खेळली, तरी मुंबईच जिंकली. म्हणजे मुंबईच्या श्रेष्ठपणाबद्दल वाद नाही. वाद दाराबद्दल होता, आणि दार उघडल्यावर पहिल्या फटक्यात कोण आत आलं ते दिसलं.

पुढे १९९२-९३ ला प्रत्येक विभागातून तीन संघ घेऊ लागले. त्या वर्षी अंतिम सामन्यात पंजाब आणि महाराष्ट्र. पंजाब जिंकला. तिसरी खेप २०१३-१४ ची. तोवर विभाग जाऊन गट आले होते, आणि महाराष्ट्र खालच्या क गटात होता. अ आणि ब गटांतून तीन-तीन संघ पुढे, क मधून फक्त दोन. केदार जाधवने त्या हंगामात १,२२३ धावा काढल्या. उपांत्यपूर्व फेरीत महाराष्ट्राने वानखेडेवर मुंबईला हरवलं आणि अंतिम सामन्यात कर्नाटककडून हार पत्करली. देवधरांच्या नंतर महाराष्ट्र तीन वेळा अंतिम सामन्यात गेला. दोनदा नव्या दाराच्या पहिल्याच वर्षी, एकदा खालच्या गटातून. योगायोग म्हणणारे म्हणोत.

चेन्नईकरांना १९७२-७३ ची आठवण नको असते. मुंबईच्या त्या १५ विजयांतला शेवटचा चेपॉकवर, तामिळनाडूविरुद्ध. पद्माकर शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरही कसोटी न खेळता गेले. संघांना दार मिळालं तरी माणसांना मिळतंच असं नाही.

२००२-०३ मध्ये विभाग गेले आणि ताकदीनुसार एलिट आणि प्लेट असे दोन थर आले. तत्त्व म्हणून मला हे पटतं. बढती-घसरण आली की नकाशा मागे पडतो. पण खालच्या थराच्या विजेत्याला वरच्या बाद फेरीत जागा द्यायची का? दिली तर २०१०-११ चा राजस्थान घडतो. प्लेटमधून सुरुवात केली, हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं, आणि थेट बडोद्यात जाऊन करंडक उचलला. पुढच्या वर्षी चेपॉकवर तामिळनाडूला हरवून तो राखला. आमच्या इथल्या शेजाऱ्यांनी तेव्हा तोंड आंबट केलं होतं.

पण दिली तर २०२२ चं कोलकाताही घडतं. प्लेटमधून आलेला नागालँड आणि समोर झारखंड. झारखंड ८८०, नागालँड २८९. ५९१ ची आघाडी असताना फॉलोऑन न देता झारखंड पुन्हा फलंदाजीला उतरला आणि ६ बाद ४१७ केल्या. एकूण आघाडी १,००८. सामना अनिर्णित, झारखंड पुढे. त्याच वर्षी मुंबईने उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवलं, धावांच्या फरकाचा विश्वविक्रम. त्यानंतर प्लेटला स्वतःचा अंतिम सामना आणि वर चढण्याची शिडी दिली, हे योग्य झालं. कोहिमाच्या मुलाला पाच दिवस उन्हात चेंडू आणायला पळवण्यापेक्षा त्याच्या जोडीचा प्रतिस्पर्धी द्यावा. आणि खालून वर यायला वेळ लागला तरी येता येतं, हे विदर्भाने दाखवलं. वर्षानुवर्षं तळाच्या गटांत राहिलेला संघ २०१७-१८ मध्ये दिल्लीला हरवून विजेता झाला, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा.

शाळांच्या स्पर्धांत हा विचार सगळ्यात जास्त हवा आणि तिथेच सगळ्यात कमी होतो. जानेवारी २०१६, कल्याण. भंडारी करंडकाच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १,००९ धावा केल्या. संघाच्या ३ बाद १,४६५. समोरची शाळा ३१ आणि ५२. डाव आणि १,३८२ धावांनी विजय. त्या मुलाचं कौतुक सगळ्या देशाने केलं, करायलाच हवं होतं, हजार धावा उभं राहून काढाव्या लागतात. पण त्या दोन दिवसांत क्षेत्ररक्षण करणारी अकरा मुलंही कोणाची तरी मुलं होती. ती परत मैदानावर आली का, हे कोणत्या वर्तमानपत्राने विचारलं?

आमच्या भागातल्या एका आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. चिठ्ठ्या टाकून ड्रॉ. सगळ्यांना माहीत असलेले दोन सर्वात चांगले संघ पहिल्याच सकाळी समोरासमोर. टायब्रेकरवर एक हरला आणि नऊ वाजता त्यांची बस परत निघाली. दुपारी अंतिम सामन्यात आलेला दुसरा संघ एक सामना जिंकून आणि एका फेरीत पुढे चाल मिळवून आला होता. शेवट सात-शून्य. संयोजक म्हणाले, "सर, चिठ्ठी म्हणजे सगळ्यांना सारखा न्याय." मी त्यांना इतकंच विचारलं की मागच्या वर्षीचे चार उपांत्य संघ चार कोपऱ्यांत ठेवून बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकायला किती खर्च येतो. पुढच्या वर्षी तसं केलं. पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी दुपारी वेगळी छोटी स्पर्धाही ठेवली, म्हणजे प्रत्येक शाळेला निदान दोन सामने. पंचांचा एक जादा तास आणि लिंबू सरबताचा एक जादा पिंप, बाकी काही लागलं नाही.

पुढच्या भागात सेनादलांच्या फुटबॉलवर बोलू. हवाई दलाने १९६० मध्ये सुरू केलेला सुब्रतो करंडक, त्यात येणाऱ्या शाळा आणि खेळाडूंच्या वयाचे दाखले. तो विषय एका तासात बसणार नाही, म्हणून आज त्याला हात लावला नाही.